हद्द कायम मोजणी

गट नंबर सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस,
मौजे बोरखडी, नाल्याच्या वरच्या अंगाला.
अर्जदार कवडू झाडे. लगतधारक शालिक बोरकुटे.
दोघेही समक्ष हजर,
एकमेकांकडे पाठ करून.

मशीन लावलं, धुऱ्याधुऱ्यानं वर सरकत आलो
आणि खुणेचा दगड सापडला तो निरगुडीच्या पोटात,
मुळ्यांनी इतका गच्च धरलेला
की कोणी कोणाला जागेवर ठेवलं
ते सांगता येऊ नये.

माणसाहून हातभर उंच. आडवी दीड खाट.
निळसर तुरे, एवढे बारीक
की मला चष्मा पुसून जवळ जावं लागलं.
दर फुलाचा खालचा ओठ पुढे आलेला,
फुगून बसलेल्या पोरासारखा.
वारा सुटला की अख्खं झुडूप पांढरं पडायचं,
पानांची पाठ दाखवायचं,
मग काही झालंच नाही असं हिरवं.

शाळेत आमचे मास्तर सांगायचे,
ही तुळशीच्या भावकीतली.
भावकी म्हटल्यावर मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.
वृंदावन एकीला.
हिला नाल्याचा काठ,
आणि ज्या जागेचा सातबारा कोणी वाचत नाही
ती जागा.

"तोडून टाका साहेब," कवडू म्हणाला,
"सावली पडते पऱ्हाटीवर."
"तोडा ना," शालिक म्हणाला, "पण माह्या अंगानं नोका तोडू."
मग झाड कोणाचं, मी विचारलं.
दोघांनाही एकदम तंबाखू आठवली.

तेवढ्यात चंद्रभागा टेकाम आली, डोक्यावर रिकामं टोपलं.
भांडण पाहायला नव्हे.
भोयरांची सून परवा बाळंत झालेली,
तिच्या न्हाणीला पाला पाहिजे होता.
ती दोन्हीकडून ओरबाडत राहिली,
मधोमध माझी लाल झेंडी.
"कोणाची आहे ही, मावशी?"
"बकरी खात नाई तिले," ती म्हणाली.
"इतकंच माईत हाय मले."

दुपारी कुऱ्हाड चालली. मी रेषा दाखवली,
रेषा दाखवणं माझं काम.
परत फिरताना उंदराच्या बिळात पाय गेला
आणि आर्णीची शेवटची गाडी गेली.

रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत
घोटा कवठाएवढा.
आधी झाड्यांची पोरगी आली,
तव्यावर गरम केलेला पाला, फडक्यात.
मग अर्ध्या तासानं बोरकुट्यांचा पोरगा,
तोच पाला, तीच ऊब,
फडकं तेवढं वेगळं.
मी दोन्ही बांधले, एकावर एक.
रात्रभर खोलीत तो वास, कडू, थोडा कापराचा,
आईच्या ज्वारीच्या कोठीत वाकलं की यायचा तसा.
कोठीतल्या पाल्याला आम्ही कधी विचारलं नव्हतं
कोणाच्या धुऱ्यावरचा.

पुढच्या मार्गशीर्षात निमताना मोजणी.
अपील शालिकचं.
साहेब वेगळे, मशीन नवं, झेंड्या धरायला मीच.
खुणेचा दगड मिळून आला नाही.
निरगुडी मिळून आली.
बुंध्यापासून फुटलेली, छातीपर्यंत,
इकडंही, तिकडंही.
चाळीस वर्षांची मोजायची सवय,
पण फुटवे मोजले नाहीत.

पंचनाम्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
हद्दीवर निरगुडी आहे.
वरून तांबड्या शाईत विचारणा आली:
सदर निरगुडी कोणाच्या ताब्यात?

उत्तर अजून दिलेलं नाही.
फाईल माझ्याच कपाटात आहे,
खालच्या फळीवर.
आत दोन डहाळ्या ठेवल्यात,
कसर लागू नये म्हणून.